बोल्ड इटॅलिक स्लॅब सेरिफ: घडवायचा कसा, ठाण्यात वापरायचा कुठे

श्रावण लागला की ठाण्यातल्या टी-शर्ट छापणाऱ्यांकडे गोविंदा पथकांच्या ऑर्डरी सुरू होतात, पुढे थंडीत कबड्डी आणि बॉक्स क्रिकेटच्या. मागणी बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते: नाव जाड हवं, तिरकं हवं आणि लांबून दणकट दिसायला हवं. रोमन लिपीत या वर्णनाला नेमकं बसणारं वळण म्हणजे स्लॅब सेरिफचं बोल्ड इटॅलिक. प्रत्यक्षात मात्र कोरल या चित्रं-अक्षरं आखायच्या प्रोग्राममध्ये एखादा जाड फॉन्ट घेतला जातो, स्क्यूचं, म्हणजे तिरकं करायचं, हँडल उजवीकडे ओढलं जातं आणि फाइल अक्षरं कापणाऱ्या प्लॉटरला जाते. अक्षर कलतं खरं, पण कलताना त्याची जाडी कुठे वाढते आणि कुठे घटते, याकडे कुणाचं लक्ष नसतं. ती विस्कटलेली जाडी हाताने पुन्हा जागेवर आणणं, हेच या वळणातलं मुख्य काम आहे. देवनागरी शेजारी आली की ते दुप्पट होतं.

हा लेख अप्लाइड आर्टच्या विद्यार्थ्यांसाठी आणि वागळे इस्टेट, नौपाडा, तुर्भे, रबाळे इथे रोज अक्षरं कापणाऱ्या, छापणाऱ्या मंडळींसाठी आहे. फॉन्टलॅब किंवा ग्लिफ्स हे फॉन्ट घडवायचे प्रोग्राम असतील तर उत्तम. फॉन्टफोर्ज फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं. फक्त एका क्लबचं नाव करायचं असेल तर इंकस्केप किंवा कोरलमध्येही हे सगळं जमतं.

आधी प्रकार ओळखू

रोमन अक्षरांच्या टोकांना जे आडवे पाय असतात ते सेरिफ. पुस्तकी फॉन्टमध्ये ते निमुळते असतात. स्लॅबमध्ये तेच पाय जाड, सरळ कापलेले, दांड्याच्या जाडीशी जवळजवळ बरोबरी करणारे. हे वळण जन्मालाच आलं जाहिरातीसाठी. १८१० च्या दशकात लंडनमध्ये व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या नमुनापुस्तकात ते दिसलं आणि भिंतीवरच्या जाहिराती, हँडबिलं यांनी ते उचललं. १८४५ मध्ये लंडनच्याच फॅन स्ट्रीट या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीतून रॉबर्ट बेस्ली यांनी क्लॅरेंडन आणलं. त्याचे साचे बेंजामिन फॉक्स यांनी कोरले होते. कोशात मुख्य शब्द उठून दिसावा, अशा कामांसाठी साध्या मजकुरासोबत वापरायचं ते जाड वळण होतं. बेस्ली यांनी त्याची नोंदणी करून ३ वर्षांचं संरक्षण मिळवलं होतं, आणि मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी भराभर नकला केल्या. बोरीबंदरहून पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यात आली तेव्हा क्लॅरेंडन ८ वर्षांचं होतं. स्लॅब अक्षरांचा खरा बहर त्याच काळातला.

पुढे विसाव्या शतकात मेम्फिस (१९२९), रॉकवेल (१९३४) असे भूमितीच्या शिस्तीतले स्लॅब आले. आपल्या कामासाठी फरक एवढाच लक्षात घ्यायचा: क्लॅरेंडनच्या घराण्यात दांडा आणि पाय यांच्यामध्ये गोलसर सांधा असतो, भौमितिक घराण्यात तो सरळ कोपरा असतो. व्हिनाइल, म्हणजे कापून चिकटवायचं प्लास्टिक, आणि कापडासाठी मी सरळ कोपऱ्याचा स्लॅब घेते. तो कापायला स्वच्छ असतो, आणि तिरका केल्यावर सांध्यांची दुरुस्तीही कमी लागते. मासिकाच्या किंवा पुस्तकाच्या शीर्षकाला मात्र गोलसर सांध्याची ऊब शोभते.

तयार फॉन्ट घेणार असाल तर

प्रत्येक कामाला स्वतःचा फॉन्ट घडवायची गरज नाही. गूगल फॉन्ट्सवर आर्वो, झिला स्लॅब, अलेओ, बिटर या कुटुंबांमध्ये बोल्ड इटॅलिक वेगळं आखलेलं आहे. झिला स्लॅब टायपोथेकने मोझिलासाठी केला आणि तो २०१७ मध्ये आला. शीर्षकाला तो फार छान चालतो. रोबोटो स्लॅब आणि अल्फा स्लॅब वन यांना इटॅलिक नाही. तिथे इटॅलिकचं आय बटण दाबलं की प्रोग्राम स्वतःच अक्षर कलवतो, आणि दुकानांत दिसणारे बरेचसे बिघडलेले तिरके स्लॅब असेच तयार होतात.

ओळखायचं कसं? फॉन्टच्या फोल्डरमध्ये बोल्ड इटॅलिकची स्वतंत्र फाइल आहे का ते पाहा. मग कॅपिटल ओ पानभर मोठा करा. वरचा उजवा खांदा आणि खालचा डावा भाग इतरांपेक्षा जाड दिसत असेल, तर ते नुसतं कलवलेलं अक्षर आहे. स्मॉल ए किंवा एफ सरळ वळणासारखाच दिसतो एवढ्यावरून फॉन्टला नावं ठेवू नका. स्लॅबमध्ये सरळ आकार ठेवून कलवण्याची चांगली परंपरा आहे. फक्त ते कलवणं हाताने निस्तरलेलं असावं लागतं.

यातले बहुतेक फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. टी-शर्ट, पाटी, पॅकिंग, काहीही करून विका, परवानगी लागत नाही. फॉन्टमध्ये बदल करून वाटायचा असेल तर मात्र तो त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो, आणि मूळ नाव राखीव असेल तर नाव बदलावं लागतं.

पायरी पहिली: सरळ बोल्ड पक्का करा

इटॅलिकची सुरुवात सरळ अक्षरापासून करा. फॉन्टच्या प्रोग्राममध्ये अक्षराची चौकट १००० सारख्या भागांत मोजतात, त्यातला एक भाग म्हणजे युनिट. या चौकटीत माझे आकडे साधारण असे असतात: कॅपिटलची उंची ७००, स्मॉलची ५२०, कॅपिटलचा उभा दांडा १६०, स्मॉलचा १५०, आडव्या रेषा आणि स्लॅबची जाडी ११५ ते १२०, स्लॅब दांड्याबाहेर दोन्ही बाजूंना ८०. आडवी रेघ उभ्यापेक्षा बारीक हवीच. दोन्ही सारख्या जाडीच्या केल्या तर डोळ्याला आडवी जास्त जाड वाटते. गोल अक्षरं वर आणि खाली १० ते १२ युनिट बाहेर काढा, नाहीतर ओ हा एचपेक्षा बुटका दिसेल.

पहिल्यांदा फक्त कॅपिटल एच, ओ, ए, एन आणि स्मॉल एन, ओ, ए एवढीच काढा. सगळं कुटुंब यांच्यातूनच निघतं. एचच्या आतल्या बाजूला दोन स्लॅब समोरासमोर येतात. त्यांच्यामध्ये किमान ६० युनिटची फट राखा. १० पॉइंटच्या छपाईत ती जेमतेम ०.२ मिलिमीटर होते आणि वर्तमानपत्री कागदावर शाईने सहज बुजते. म्हणून हा स्लॅब बारीक मजकुराला वापरायचाच नाही, हे इथेच ठरवून टाका.

पायरी दुसरी: कोन

१० ते १२ अंश. ८ अंशांचा कल या वजनात, म्हणजे इतक्या जाडीत, जाणवत नाही, कारण सपाट पाय अक्षराला जमिनीशी घट्ट धरून ठेवतात. १५ च्या पुढे गेलात तर अक्षर पडायला आल्यासारखं वाटतं आणि दोन अक्षरांमधल्या जागा आवरता येत नाहीत. मी इथे १२ धरते.

कलवताना केंद्रबिंदू कुठे धरता ते महत्त्वाचं. बेसलाइनवर, म्हणजे अक्षरं ज्या रेषेवर उभी असतात तिच्यावर, धरलात तर सगळं अक्षर उजवीकडे सरकतं आणि डावीकडे भगदाड पडतं. स्मॉलच्या उंचीच्या निम्म्यावर, म्हणजे २६० युनिटवर केंद्र धरा. ती सोय नसेल तर कलवून झाल्यावर सगळी अक्षरं ५५ युनिट डावीकडे सरकवा.

पायरी तिसरी: कलवल्यावर जे मोडलं ते दुरुस्त करा

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या.

कॅपिटल ए घ्या. दोन्ही पाय आडव्या रेषेशी ७० अंशांत आहेत आणि आडव्यात मोजलेली त्यांची रुंदी १६० आहे असं धरू. सरळ अक्षरात दोन्ही पायांची खरी, म्हणजे काटकोनात मोजलेली जाडी सारखीच, १५० च्या आसपास. आता १२ अंश कलवा. डावा पाय आणखी आडवा होऊन ६० अंशांवर येतो आणि त्याची जाडी १३९ वर घसरते. उजवा पाय जवळपास उभा होतो आणि १५८ वर जातो. एकाच अक्षराच्या दोन पायांत २० युनिटचा फरक. ६ इंची अक्षरात हा फरक ४ मिलिमीटरहून जास्त भरतो, तो कुणालाही दिसतो. उपाय सोपा आहे: डाव्या पायाची बाहेरची कड बाहेर सरकवा, उजव्याची आत घ्या. दोन्ही पुन्हा १५० च्या आसपास आणा. मग आडवी पट्टी जरा खाली घ्या, कारण वरची पोकळी आता अरुंद झालेली असते.

नियम एकदा बोटांत बसला की सगळीकडे लागू पडतो. खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी तिरपी रेघ कलवल्यावर बारीक होते. वर डावीकडून खाली उजवीकडे येणारी जाड होते. म्हणून झेडची तिरपी रेघ भरावी लागते, एनची आणि एसच्या मधल्या कण्याची छाटावी लागते. एनमध्ये तर तिरपी रेघ जवळजवळ उभी होऊन दोन दांड्यांच्या मध्ये अडकते. तिला १० ते १५ युनिट बारीक केल्याशिवाय अक्षर मोकळं होत नाही.

गोल अक्षरांत हाच नियम वळणावर लागतो. ओचा वरचा उजवा आणि खालचा डावा भाग सुजतो, उरलेले दोन कोपरे खंगतात. शिवाय नोड, म्हणजे रेषेला आकार देणारे बिंदू, तेही जागेवर राहत नाहीत. वरचे आणि खालचे नोड ठीक असतात, कारण आडवी दिशा कलवल्याने बदलत नाही. पण डाव्या-उजव्या बाजूच्या नोडचे हँडल, म्हणजे वळणाची दिशा ठरवणाऱ्या रेघा, १२ अंश झुकतात, आणि अक्षराची खरी टोकं दुसरीकडे जातात, डावीकडचं खाली आणि उजवीकडचं वर. फॉन्टफोर्जमध्ये ॲड एक्स्ट्रीमा वापरून नवे नोड घ्या, जुने बाजूचे नोड काढा आणि वळण पुन्हा बसवा. आधी बाहेरची रेषा, मग आतली पोकळी. आतल्या पोकळीचा लंबगोल सुबक झाला की बाहेरचं आपोआप शांत दिसतं. ग्लिफ्समध्ये कर्सिफाय नावाची सोय बरंचसं काम करून देते, तरीही शेवटचा हात आपलाच लागतो.

दांड्यांची जाडी किंचित घटते, १६० चे साधारण १५६ होतात. ठळक वजनात मी ती भरून घेत नाही. इटॅलिक सरळ अक्षरापेक्षा थोडं अरुंद आणि हलकं असलं तर बरंच.

पायरी चौथी: पाय

स्लॅबची खालची आणि वरची कड आडवीच राहते, टोकं मात्र दांड्याबरोबर झुकतात. ती तशीच दांड्याला समांतर ठेवा. काही जण टोकं उभी कापतात. मला ते दोन वेगळ्या अक्षरांचं जोडकाम वाटतं.

दांडा आणि स्लॅब यांच्यातला कोन आता दोन्ही बाजूंना सारखा नाही. खाली उजवीकडे आणि वर डावीकडे तो ७८ अंशांचा, म्हणजे चिमटलेला आहे, तर उलट बाजूंना १०२ अंशांचा. चिमटलेल्या कोपऱ्यात शाई साठते आणि व्हिनाइलचं पातं अडखळतं. गोलसर सांधा असेल तर चिमटलेल्या बाजूला लहान आणि मोकळ्या बाजूला मोठा काढा, म्हणजे दोन्हीकडे सारखा दिसेल.

स्मॉल अक्षरांत एक निर्णय घ्यायचा आहे. सगळीकडे दुहेरी पाय ठेवायचे, की इटॅलिकला साजेसे एकेरी? माझं मत स्पष्ट आहे: बोल्डमध्ये एकेरी. स्मॉल एमला तीन दांडे असतात. तिघांना दुतर्फा पाय दिले तर आत चार अर्धे स्लॅब एकमेकांना भिडतात आणि दोन्ही पोकळ्या खालून बंद होतात. डावीकडच्या आणि मधल्या दांड्याचा पाय पूर्ण काढून टाका, शेवटच्या दांड्याला फक्त उजवीकडे जाणारा जाड, सपाट पाय द्या, वर डावीकडे एक स्लॅब ठेवा. एन, एच, यू यांनाही हाच न्याय. अक्षरात हवा येते आणि पुढे धावण्याची ओढही मिळते. कॅपिटलचे पाय मात्र दुहेरीच ठेवा. त्यांच्यावरच या वळणाचा दणकटपणा उभा आहे.

आकडे

जर्सी करणाऱ्यांना अक्षरांपेक्षा आकडेच जास्त लागतात, म्हणून ते नंतर करू म्हणून बाजूला ठेवू नका. कबड्डीच्या नियमांत खेळाडूच्या बनियनवर पुढे किमान ४ इंच आणि मागे किमान ६ इंच उंचीचा क्रमांक लागतो. ६ इंचाला प्रत्येक चूक ठळकपणे दिसते.

१ ला खाली पूर्ण स्लॅब द्या आणि वर मोठं निशाण ठेवा, म्हणजे तो धावत्या खेळाडूच्या पाठीवर ७ वाटणार नाही. ७ चा पाय मुळातच कललेला असतो. आणखी १२ अंश दिले तर तो आडवा होतो. त्याला हाताने उभा करा, ५ ते ६ अंशच कल वाटेल इतका, आणि जाडी भरा. ४ ची तिरपी रेघही बारीक होते, तीही भरा. ३, ६, ८ आणि ९ लांबून एकमेकांत मिसळतात. ३ ची डावी बाजू मोकळी सोडा, टोकांना जड स्लॅब लावून ती बंद करू नका. ६ आणि ९ च्या शेपट्या पोकळीपासून चांगल्या दूर ठेवा. ६ उलटा करून ९ करू नका. तिरक्या वळणात कल सारखा येतो, पण वजन वरच्या बाजूला जातं.

सगळे आकडे एकाच रुंदीचे ठेवा. १ ही त्याच्या रुंद पायामुळे त्या मापात बसतो.

अंतर

कॅपिटलसाठी एच आणि ओ, स्मॉलसाठी एन आणि ओ यांच्या रांगा टाका: दोन एन, एक ओ, पुन्हा दोन एन. स्लॅबचे पाय एकमेकांना चिकटणार नाहीत आणि पायांच्या मधली फट अक्षरातल्या पोकळीपेक्षा मोठी होणार नाही, एवढं पाहा. टी-ए, एल-टी, पी-ए या जोड्यांना केर्निंग, म्हणजे त्या जोडीपुरतं अंतर कमी-जास्त करणं, लागतंच. कागद उलटा धरून पाहिलात तर मजकूर वाचला जात नाही आणि भगदाडं चटकन दिसतात.

देवनागरी शेजारी आल्यावर

महाराष्ट्रात पाटीचं काम करणाऱ्याला हा भाग टाळता येत नाही. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर प्रत्येक दुकानाच्या, आस्थापनेच्या पाटीवर नाव देवनागरीत, मराठीत आणि आधी हवं, आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, आणि ठाण्यातल्या राम मारुती रोडपासून वाशीपर्यंत पाट्या बदलल्या. घाईत झालं असं की रोमन नाव तसंच ठेवून वर मिळेल त्या जागेत देवनागरी चेपली गेली. मला हे बघवत नाही. आधी देवनागरी आखा, तिची जागा ठरवा, मग रोमन बसवा.

फॉन्टचा पॉइंट आकार सारखा ठेवला म्हणजे उंची सारखी झाली असं होत नाही. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि उकार यांच्यासाठी जागा राखलेली असते, त्यामुळे त्याच आकारात अक्षराचा मूळ देह लहान येतो. पट्टी घेऊन मोजा: बेसलाइनपासून शिरोरेखेच्या वरच्या कडेपर्यंतची उंची रोमन कॅपिटलच्या उंचीएवढी किंवा जास्त हवी.

आता जोडी जुळवायची कशी? देवनागरीला स्लॅब लावायचे नाहीत. रोमनमध्ये जे काम स्लॅब करतो, तेच काम देवनागरीत शिरोरेखा करते: ओळीला आडवं वजन देते. म्हणून शिरोरेखेची जाडी स्लॅबच्या जाडीला मिळवा आणि कान्याची जाडी रोमन दांड्याला. या दोन मापांत जोडी जुळली तर फॉन्ट वेगवेगळ्या घराण्यांचे असले तरी पाटी एका हाताची वाटते. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त, बलू, अनेक हे फॉन्ट त्यांच्या जाड वजनांत चांगले जुळतात. अनेकमध्ये जाडीबरोबर रुंदीही बदलता येते, त्यामुळे अक्षर ताणण्याची वेळ येत नाही. अरुंद जागेला इंडियन टाइप फाउंड्रीचे खंड आणि टेको आहेत.

देवनागरी तिरकी करावी का? पाटीवर माझं उत्तर नाही. मराठी छपाईत जोर द्यायला ठळक खिळे किंवा मोठा आकार वापरत आले, इटॅलिकची परंपरा आपल्याकडे नाही. सरळ, जाड देवनागरी आणि शेजारी तिरकं रोमन ही जोडी उत्तम दिसते. टी-शर्टवर, मंडळाच्या बॅनरवर मात्र तिरकी देवनागरी हवीच असते आणि तिथे ती शोभतेही. फक्त ती कोरलच्या स्क्यूवर सोडू नका.

'मुंब्रा' हा शब्द घ्या. पहिल्याच अक्षराला वर अनुस्वार आणि खाली उकार आहे. अनुस्वार बेसलाइनपासून ७५० युनिटवर आणि उकाराचं टोक २०० खाली असेल, तर १२ अंश कलवल्यावर दोघांमध्ये आडवं अंतर २०० युनिटचं पडतं, कान्याच्या जाडीपेक्षाही जास्त. अनुस्वार ब्रच्या डोक्यावर झुकतो, उकार मागे राहतो, आणि लांबून वाचणाऱ्याला अनुस्वार कुणाचा ते कळत नाही. कोन ७ अंशांवर आणला की हेच अंतर सुमारे ११७ वर येतं. म्हणून देवनागरीला ६ ते ८ अंश पुरे. आपल्या लिपीत काने आणि उभे दंड इतके आहेत की ७ अंशांतही शब्द चांगला धावता दिसतो. अनुस्वार आणि रफार थोडे मागे, उकार थोडे पुढे घ्या.

दुसरी अडचण जाडीची. बोरूच्या कापामुळे देवनागरीत जाड आणि बारीक यांची दिशा रोमनच्या उलट आहे. खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारा फराटा आपल्याकडे जाड असतो. उजवीकडे कलवल्यावर नेमका तोच बारीक होतो आणि मुळात बारीक असलेला फराटा जाड होतो, म्हणजे लिपीचा स्वभावच उलटा पडतो. म्हणून कलवायचीच असेल तर एकसारख्या जाडीचं वळण घ्या, जाड-बारीक फरक असलेलं घेऊ नका. 'ठाणे' मधल्या ठ च्या गोलाला ओची दुरुस्ती जशीच्या तशी लागते. शिरोरेखेची दोन्ही टोकं कान्याला समांतर कापा.

आणि ल, श ही अक्षरं मराठी वळणाचीच हवीत. बऱ्याच फॉन्टमध्ये ती असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय दिसत नाहीत.

फाइल तयार करताना

फॉन्टच्या माहितीत इटॅलिकचा कोन उणे लिहायचा असतो: उणे १२. वजन ७०० ठेवा, आणि बोल्ड व इटॅलिक या दोन्ही खुणा चालू करा. त्या चालू करायच्या राहून गेल्या तर वर्डमध्ये बी आणि आय दाबल्यावर प्रोग्राम तुमच्या ठळक तिरक्या अक्षरावर आपला खोटा ठळकपणा आणि आपला कल चढवतो. एवढी मेहनत वाया.

कापड, पाटी, कागद

टी-शर्टच्या व्हिनाइलचं काम समजून घ्यायचं असेल तर कटिंग प्लॉटरशेजारी उभं राहून वीडिंग, म्हणजे कापल्यावर नको असलेलं व्हिनाइल उचलणं, पाहा. कारागीर आकडीने ८ ची पोकळी टोचून उचलतो, मग स्लॅबच्या मधल्या फटी एकेक करून काढतो. २ मिलिमीटरपेक्षा अरुंद फट आली की बारीक पट्टी तुटते किंवा शेजारचा पाय बरोबर उचलला जातो. छातीवरचं नाव २० मिलिमीटर उंच असेल तर आपली ६० युनिटची फट १.७ मिलिमीटर होते. त्या कामासाठी ती ८० करा. पाठीवरच्या ६ इंची क्रमांकाला ६० मध्ये काहीच त्रास नाही. हीट प्रेसचं व्हिनाइल उलटं कापतात, त्यामुळे शीटवर अक्षर डावीकडे झुकलेलं दिसतं. ते बरोबर आहे, कुणी सरळ करायला जाऊ नये. दुहेरी रंगाची कड द्यायची असेल तर कोपरे धारदार ठेवा, गोल कोपऱ्यांनी स्लॅबचा स्वभाव जातो.

एसीपीवरच्या, म्हणजे पाटीच्या ॲल्युमिनियम पॅनेलवरच्या, उठावाच्या अक्षरांना स्लॅब फार सोयीचा. पायही जाड असल्याने एलईडीची पट्टी अक्षराच्या टोकापर्यंत पोचते, आणि सपाट तळामुळे अक्षर पट्टीवर नीट बसतं. पाटीच्या धंद्यात दर १० फूट अंतराला १ इंच उंची असा अंदाज धरतात. घोडबंदर रोडवर ८० फुटांवरून वाचायचं असेल तर ८ इंच. ठळक तिरक्या स्लॅबला मी १० इंच धरते, कारण पोकळ्या लहान असल्याने तो लांबून लवकर भरून येतो. रात्री आतून उजेड असेल तर अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवा, उजेड कडांबाहेर पसरतो.

कागदावर आणि स्क्रीनवर हे वळण शीर्षक, किमतीचा आकडा, उद्धृत केलेलं एखादं वाक्य एवढ्यापुरतं ठेवा. सलग परिच्छेद यात लावू नका, आणि सगळी कॅपिटल केलेली लांब ओळ तर नकोच. वेबसाइटवर फॉन्ट लावताना बोल्ड इटॅलिकची फाइल वेगळी जोडा आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, फॉन्ट-सिंथेसिस बंद करा. मग फाइल लोड झाली नाही तर ब्राउझर अक्षर सरळ दाखवेल, स्वतः कलवणार नाही.